मी आहे ना पुढे

हिरकणीवाडी, ता. महाड
९ ऑक्टोबर २०२५

चि. श्रुतिका,
जय भीम.

फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि निळ्या खुणा दाखवून गप्प बसतेस. म्हणून हे पोस्टाने पाठवते, तेही पुण्याला तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, म्हणजे निदान चार माणसांसमोर पाकीट फोडावं लागेल. तुला लाज वाटावी म्हणूनच पाठवते आहे, उगाच गैरसमज नको.

मुद्द्याचं आधी सांगते. तुमच्या त्या फोनवरच्या मोफत शाळेत माझ्या आवाजात गडाचा जो पाठ ठेवला आहे, त्यातला गुराखवाटेचा तुकडा आजच्या आज काढ. ती वाट आता राहिलेली नाही. श्रावणात दरड आली आणि वाटेचा मधला भाग खाली गेला. वर गवत कमरेएवढं वाढलंय, त्यामुळे अगदी कडेला जाईपर्यंत काही समजत नाही. आणि त्या गवतात लोक कानात इअरफोन घालून शिरतात, कारण मीच त्यांना सांगते, "घाबरू नका, मी आहे ना पुढे."

मी कुठे आहे पुढे? मी पायथ्याला उभी असते, गळ्यात गाईडचा बिल्ला घालून, गिऱ्हाईक मिळतंय का बघत.

गेल्या वर्षी तू आलीस तेव्हा मी किती हुरळले होते ते तुला ठाऊक आहे. भाची शिकली, पुण्याला लागली, आणि आता मावशीचा आवाज सगळ्या जगाला ऐकवणार. मी काठाची साडी नेसून बसले. सोनबा डोलीवाला हसला होता, "आवाजाला साडी कशाला गो, मंजुळे?" मी त्यालाच दटावलं. तू म्हणालीस, वर वारा फार आहे, आवाज खराब येतो, आपण घरातच बोलू. मग दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, मी चटईवर बसून गड चढले. दरवाजे सांगितले, टाकी सांगितली, बाजारपेठ सांगितली. आणि तू म्हणालीस, "मावशी, ती आजोबांची गुराखवाटपण सांग ना. ती कुठल्याच पुस्तकात नाही."

बाबांचा नियम तुलाही माहीत होता. तुझ्या आईने आणि मी तुला लहानपणापासून ऐकवलाय. "वाट तोंडानं सांगायची नाय. पुढं चालून दाखवायची." वाडीतला कोणीही डोलीवाला, कोणीही गाईड आडवाट कधी तोंडी सांगत नाही. चल म्हणतो आणि पुढे होतो. मी चटईवर बसून सांगितली. तुझ्या लाडापायी सांगितली.

आता माझ्या पोटाचं. तेही लिहिते, लपवण्यासारखं काही नाही. मागच्या रविवारी एका कुटुंबाला विचारलं, गाईड पाहिजे का? बाईंनी एका कानातला इअरफोन काढला, माझं ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, हिचा आवाज अगदी त्या पाठातल्या बाईसारखाच आहे!" आणि इअरफोन परत कानात घातला. मला ऐकायला त्यांनी मला गप्प केलं. असं ऊठसूट होतंय. असंच चाललं तर मला बिरवाडीला जाऊन कुठल्यातरी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटाव्या लागतील. तिथे तरी माझ्या आवाजाचं कुणाला काम पडणार नाही.

तुमच्या पाठाखाली लिहिलंय, "हा पाठ आपल्याला कसा वाटला? तारे द्या." मी एक तारा दिला आणि वाट तुटल्याचं लिहिलं. उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. शिकत राहा!" आणि तू? तू त्या एका ताऱ्यावरून फुगलीस. तुझ्या आईला फोन करून रडलीस, की मावशीला माझं चांगलं बघवत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तुझी आई, आम्रपाली, मलाच चार शब्द बोलली आणि तेव्हापासून आम्ही बहिणी बोलत नाही.

तारे तुझे तू ठेव. तो तुकडा काढ.

तुझी मावशी,
मंजुळा

&nbsp;

महाड
२८ ऑक्टोबर २०२५

श्रुतिका,

तुझा मेसेज मिळाला. पत्राला मेसेज! बरं, तेही चालेल. काय लिहिलंस ते तुलाच परत वाचायला देते. "मावशी, तुझं काम कमी झालं याचं वाईट वाटतं. पण त्यासाठी वाटेचं निमित्त करू नकोस. शिक्षण सगळ्यांना फुकट मिळायला हवं. तुला ते का खुपतं?"

मला शिक्षण खुपतं?

अगं, आपल्या घराला शिक्षण विकतसुद्धा मिळत नव्हतं. तुझे आजोबा भिकाजी, खांद्याला डोलीचा दांडा. डोलीत शहरातला कोणी मोठा माणूस, आणि बाजूने चालणारा गाईड त्याला गडाचा इतिहास सांगायचा. पैसे त्याचे, गोष्ट त्याची. बाबा खालून ऐकायचे. घाम पुसायला हात मोकळा नसायचा, पण कान मोकळे होते. असं ऐकत ऐकत त्यांनी गड पाठ केला, मग आम्हाला सांगितला, मग मी परीक्षा देऊन बिल्ला घेतला. फुकट शिकणं म्हणजे काय, हे तू भिकाजीच्या पोरीला शिकवू नकोस.

आणि मी तुमच्या शाळेत शिकते, हे तुला माहीत नसेल. इंग्रजीचे पाठ ऐकते. परवा एका गोऱ्या बाईला "माइंड युअर स्टेप" म्हटलं, तर ती मलाच थँक्यू म्हणाली. रामायणातल्या चित्रांचा पाठ ऐकला, आकाशातल्या ग्रहांचा ऐकला. दगडांचा पाठ तर पुन्हा पुन्हा ऐकते. त्यात तुमचे सर सांगतात की कातळाच्या भेगेत पाणी मुरतं, माती सैल होते आणि पावसाळा संपल्यावरही कडा सुटत राहतो. म्हणजे विज्ञानाच्या खोलीत तुम्ही सांगता कडा सुटतो, आणि इतिहासाच्या खोलीत मला त्याच कड्यावर लोकांना न्यायला लावता. दोन्ही खोल्यांना मध्ये दार नाही का ठेवलेलं?

निमित्त म्हणतेस तर ऐक. सोनबाने आणि मी त्या वाटेच्या तोंडाशी करवंदीच्या काट्या टाकल्या, चांगल्या जाडजूड. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाजूला सारलेल्या. परत टाकल्या, परत सारल्या. सोनबा वैतागून म्हणाला, "लोकांना डोळे नायत का काय?" मी घरी येऊन पाठ लावला आणि माझाच आवाज ऐकला. "वाटेत काट्या दिसतील. गुरं खाली जाऊ नयेत म्हणून आम्ही टाकतो. त्या हलकेच बाजूला करा आणि पुढे चला." मीच सांगितलं होतं. चटईवर बसून. आता मी बाहेर काट्या टाकते आणि लोकांच्या कानात बसून त्याच काट्या सारायला सांगते.

ग्रामपंचायतीत सांगितलं. फलक येणार आहे. कधी, ते फलकालाच ठाऊक.

तुझ्या आईच्या मांडीचं हाड मोडल्याचं तुला कळलंच आहे. घरी पोलादपूरला न्हाणीत पाय घसरला, असं ती तुला फोनवर म्हणाली. ती म्हणाली असेल तर तसंच असेल. तुला सुट्टी मिळाली नाही हेही कळलं. जर्मन भाषेचे पाठ सुरू व्हायचे आहेत म्हणे. होऊ देत. जर्मनांना शिकवा.

मी रोज महाडला येते. हे पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. ऑपरेशन झालं, रॉड घातलाय. ती झोपली आहे. आम्ही बहिणी आता बोलतो. काय बोलतो ते विचारू नकोस, आणि विचारलंस तरी मी सांगणार नाही, कारण तिने मला तिची शपथ घातली आहे.

तो तुकडा अजून तिथेच आहे. मी आज सकाळीही बघितलं.

मंजुळा मावशी

&nbsp;

हिरकणीवाडी
१२ नोव्हेंबर २०२५

श्रुतिका,

शपथ मोडते. आम्रपाली मला माफ करेल किंवा करणार नाही, ते आम्ही दोघी बघून घेऊ. काल दोन कॉलेजची पोरं त्या गवतात शिरली. मी खालून ओरडले, तर एकाने हात हलवला. त्याला वाटलं, मी टाटा करते आहे. मी धावत जाऊन त्याच्या शर्टाला धरलं. ते तरणेताठे होते, मी धापा टाकत होते, आणि त्याच्या इअरफोनमधून बारीक आवाजात मी म्हणत होते, "सावकाश या, घाई नाही." तेव्हा ठरवलं, आता तुला सगळं सांगायचं.

तुझी आई न्हाणीत पडलेली नाही.

भाऊबीजेला ती वाडीत आली. बुद्धरत्नाला ओवाळायला ती दरवर्षी येते, तुला माहीत आहे. या वर्षी भावाच्या घरी उतरली, माझ्या दारावरून गेली आणि तोंड फिरवलं. मीही भांडी घासत बसले, वर बघितलं नाही. दुपारी बुद्धरत्नाच्या बायकोला म्हणाली, "बाबांच्या वाटेनं जरा जाऊन येते. श्रुतीनं काय केलंय ते ऐकत ऐकत." तू तिला घेऊन दिलेले ते पांढरे इअरफोन तिच्या कानात होते. साऱ्या पोलादपूरला तिने ते दाखवलेत. माझ्या लेकीचं काम म्हणून.

दरड कोसळल्याचं तिला माहीत नव्हतं; तू तिला नुसता तारा सांगितला होतास. मी सांगितलं असतं, पण आम्ही बोलत नव्हतो. बुद्धरत्न कामावर होता. काट्या होत्या, पण काट्या गुरांसाठी असतात हे तिला लहानपणापासून ठाऊक, आणि वर मीही कानात तेच सांगत होते. तिने काट्या सारल्या. गवतात शिरली. आणि वाट जिथे संपते तिथून खाली गेली.

ती खालच्या कारवीच्या झुडपात अडकली म्हणून वाचली. नाहीतर हे पत्र मी तुला वेगळ्या मजकुराचं लिहिलं असतं.

मला तिची हाक ऐकू आली. मी भांडी टाकून धावले. सोनबा आणि आणखी तिघे आले, दोर आणला, डोली आणली. तुझ्या आजोबांनी आयुष्यभर ज्या डोलीखाली खांदा दिला, त्या डोलीत त्यांची मुलगी पहिल्यांदा बसली. अशी बसली. चारही डोलीवाले रडत होते आणि मी पुढे चालत होते, पाय कुठे ठेवायचा ते सांगत. त्या दिवशी मी खरंच पुढे होते.

पण त्याआधीचं ऐक. मी कड्यावरून वाकून बघत होते, "अमू, अमू" म्हणून ओरडत होते, तेव्हा तिचा फोन वरच गवतात पडलेला होता. तिचे इअरफोन निघाले होते आणि फोन मोठ्याने बोलत होता. माझ्याच आवाजात. "बघा, किती सुंदर दिसतं ना इथून?"

मी तो फोन उचलला आणि दगडावर आपटला. तुझ्या आईला नवीन फोन का घ्यावा लागला, त्याचं उत्तर हे.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य काय म्हणाली ते आता वाच. नीट वाच, परत परत वाच. म्हणाली, "ताई, तुजा आवाज येत व्हता, म्हनून वाटलं तू पुढंच हायस."

माझ्याशी अबोला धरला होता, पण माझ्या आवाजावर विश्वास होता. मी रागावलेली असले तरी तिला पडू देणार नाही, हे तिला माहीत होतं. तो विश्वास तुम्ही एका यंत्रात भरून ठेवलात आणि दार लावून निघून गेलात. आणि दुसरं वाक्य म्हणाली, "श्रुतीला सांगू नको गो. तिचं काम हाय ते. तिची नोकरी जाईल." मोडलेल्या मांडीने तिला तुझी नोकरी सांभाळायची होती.

मला तुझा इतका राग आलाय की लिहिताना पेन कागदात घुसतंय. आणि हा राग तुझ्या शाळेचा नाही. शाळा फुकट असू दे, लाख लोक शिकू देत, त्यावरून पोराबाळांना गड कळू दे. माझं पोटही मी बघून घेईन. राग याचा आहे की मी ओरडून सांगत होते आणि तू त्यात माझं पोटच ऐकलंस, वाट ऐकली नाहीस. बाबांनी डोलीखालून जेवढं ऐकलं, तेवढं तू एवढ्या यंत्रांतून ऐकलं नाहीस.

आता काढणार आहेस की नाही?

मंजुळा

&nbsp;

हिरकणीवाडी
३ डिसेंबर २०२५

श्रुतिका,

आलीस, आईच्या पायाशी बसलीस, रडलीस. बरं केलंस. ती काठी घेऊन ओट्यापर्यंत येते आता, तेही तू बघितलंस. पण जाताना मला दारात म्हणालीस, "मावशी, तू आधी स्पष्ट का नाही सांगितलंस?" तेव्हा तुझी आई ऐकत होती म्हणून गप्प बसले. आता सांगते. एक तारा स्पष्ट नव्हता? पहिलं पत्र स्पष्ट नव्हतं? माणूस कड्यावरून पडल्याशिवाय तुमच्याकडे स्पष्ट होत नाही का?

पाठ तात्पुरता बंद केलात, ते बघितलं. आणि परवा तुझ्या साहेबांचा मोठा नम्र मेल आला. "आदरणीय मंजुळाताई" वगैरे. म्हणतात, पाठ फार लोकप्रिय आहे, तो पुन्हा सुरू करताना खाली सावधानतेची एक ओळ घालू. खाली! ओळ! जो माणूस डोळे गडाकडे आणि कान माझ्याकडे लावून चाललाय, तो खालची ओळ कधी वाचणार? पडल्यावर?

त्यांना सांग, ओळ नको. मी नवीन तुकडा पाठवते आहे. तो जसाच्या तसा घाला, नाहीतर माझा आवाज पुरा काढून टाका. मधलं काही नाही. हो, मीच तयार केलाय. तुमच्याच कलेच्या विभागात आवाज रेकॉर्ड करून कापायचा पाठ आहे, तो शिकले. फुकट. सोनबा बाजूला बसून हसत होता, "आता ती काठाची साडी नाय नेसलीस?" म्हणून. या वेळी मी घरातल्या साडीवरच गेले.

आणि हे चटईवर बसून केलेलं नाही. वाटेच्या तोंडाशी, काट्यांच्या अलीकडे उभी राहून बोलले आहे. त्यात वाऱ्याचा आवाज आहे. तो काढू नकोस. लोकांना कळू दे की इथे वारा असतो आणि वाऱ्यात माणूस उभं असतं.

तुला ऐकायला वेळ नसेल म्हणून लिहूनही देते. जुन्या तुकड्याच्या जागी हे घाल:

"इथपर्यंत मी तुम्हाला आणलं. इथून डावीकडे आमच्या बाबांची एक वाट होती. ती पावसाने नेली. समोर काट्या दिसतील. त्या गुरांसाठी नाहीत, तुमच्यासाठी आहेत. सारू नका. आता दोन्ही कानांतले इअरफोन काढा. हो, मलाही काढा. आजूबाजूला बघा, आमच्या वाडीतलं कोणीतरी असेल. त्याला विचारा. तो तोंडाने सांगणार नाही, पुढे चालेल. त्याच्या मागून जा. आणि कोणीच नसेल, तर परत फिरा. इथे घाबरा. मी पुढे नाही."

मंजुळा मावशी